बारावीनंतर काय? घरात दोन पक्ष पडलेत

अबोली_मुलुंड
नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलाला सतरा पूर्ण झाली. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर पुरता ताबा नाही. घरात वॉकर, बाहेर व्हीलचेअर. बोलणं सावकाश, नवख्या माणसाला दोनदा ऐकावं लागतं. डोकं मात्र शाबूत आहे, कधीकधी नको तेवढं. फेब्रुवारीत बारावी कॉमर्सची परीक्षा, लेखनिक घेऊन देणार आहे.

प्रश्न त्यानंतरचा. ह्यांचं म्हणणं, मुक्त विद्यापीठातून घरी बसून बी.कॉम. करू दे, रोज त्याला न्यायचं-आणायचं कोणी? माझं म्हणणं, रोजच्या कॉलेजात जाऊ दे, नाहीतर चार भिंती आणि मी एवढंच त्याचं जग होईल. सासूबाईंचा तिसरा पक्ष: "त्याला कशाला दगदग? बापाचं घर आहे की." कोणाच्या घरी असा अनुभव आहे का? तुम्ही काय ठरवलंत, आणि कसं?

चकलीभाजणी
आधी कागद. बाकी चर्चा नंतर. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची मुदत बघा. लहानपणी काढलेल्या प्रमाणपत्रावर बऱ्याचदा 'अमुक वर्षांनी पुन्हा तपासणी' असं लिहिलेलं असतं आणि ते बरोबर जूनमध्ये, प्रवेशाच्या गर्दीत लक्षात येतं. आमचं तसंच झालं. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर आजच अर्ज करा. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात, वयातही पाच वर्षांची सूट मिळते. माहितीपत्रकात हे बारीक अक्षरात असतं. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

पेन्शनर_दादर
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुमचे यजमान बरोबर आहेत. ह्या शहरात धडधाकट माणसाची हाडं खिळखिळी होतात. मी तीस वर्षं दादर-चर्चगेट केलं, मला विचारा. डिग्री घरून मिळतेय ना? मग हट्ट कशाला?

निशाचर
काका, तीस वर्षांत एकदा तरी बसायला मिळालं का?

पेन्शनर_दादर
दोनदा. एकदा संप होता.

पांढरी_काठी
मी जन्मांध. बँकेत आहे, पंधरा वर्षं झाली. स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) टाइप करतोय, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका त्याच्या नावावर घाला.

माझे वडील पेन्शनरकाकांसारखेच होते. आमच्या पिढीच्या अंधांना तीनच वाटा दाखवायचे: खुर्च्या विणा, टेलिफोन ऑपरेटर व्हा, नाहीतर गाणं शिका. माझा आवाज ऐकून एक वाट आपोआप बंद झाली. मग कॉम्प्युटरवर बोलणारी सॉफ्टवेअर आली, एनव्हीडीए तर फुकट मिळायला लागलं, आणि टेलिफोन ऑपरेटर हे पदच हळूहळू नाहीसं झालं. सांगायचा मुद्दा हा, की ज्या कामासाठी मला 'तयार' केलं जात होतं ते काम आज शिल्लकच नाही.

उपयोगी पडलं काय? प्रवास. बारावीनंतरच्या सुट्टीत एका सरांनी मला काठी घेऊन डोंबिवली स्टेशनवर उभं केलं आणि म्हणाले, आता सीएसटीला जाऊन मला फोन कर. (तेव्हा पीसीओ होते.) दिव्यांगांच्या डब्यासमोर फलाटावर बीप बीप वाजत असतं, तो आवाज धरून उभं राहायचं. पहिल्या दिवशी चुकून मालडब्यात चढलो. मासळीच्या टोपल्यांमध्ये उभा राहून भायखळ्यापर्यंत आलो. तिथल्या मावशीने हाताला धरून योग्य डब्यात चढवलं आणि वर एक बोंबील देऊ केला.

अबोलीताई, मुक्त विद्यापीठ वाईट नाही. पण तिथून फक्त डिग्री मिळते. बाहेर पडायची सवय मिळत नाही आणि वयाच्या बाविशीत ती नव्याने लावणं फार जड जातं. माझ्या ओळखीत असे दोघे आहेत, दोघांच्या डिग्र्या माझ्यापेक्षा मोठ्या.

मिसळप्रेमी
पांढरी काठी, जबरदस्त प्रतिसाद. बोंबील घेतलात का?

पांढरी_काठी
घेतला. कच्चा होता.

रेवा
मी वेगळी बाजू मांडते. माझी लेक चौतीस वर्षांची, बौद्धिक अक्षमता. ती एकटी लोकलने जाणार नाही. कधीच नाही. 'बाहेर काढा, शिकेल' हे ऐकून ऐकून मी दहा वर्षं स्वतःला दोष दिला, की आपणच कमी पडतोय.

अठरानंतर तिची विशेष शाळा संपली तेव्हा कोणी काही सांगितलं नव्हतं. शुक्रवारी निरोपसमारंभ, सोमवारी सकाळी साडेसातला ती गणवेश घालून दाराशी उभी. दोन महिने रोज. ते आठवलं की अजून पोटात कालवतं. आता ती कार्यशाळेत जाते, पणत्या रंगवते, कागदी पिशव्या करते. दिवाळीआधी ओव्हरटाइम असतो त्याची तिला कोण ऐट! पगार म्हणावा तर बसभाड्याइतका. पण सोमवारी सकाळी जायला जागा आहे.

म्हणून अबोली, तू काहीही ठरव, पण परीक्षा संपल्यानंतरचा पहिला सोमवार रिकामा ठेवू नकोस.

चकलीभाजणी
रेवाताई __/\__

शुद्धलेखन_पोलीस
अवांतर: 'दिव्यांग' हा शब्द मला पटत नाही. अंग दिव्य कसं काय? सरळ अपंग म्हणावं.

पांढरी_काठी
मला दोन्ही चालतात. 'बिचारा' तेवढा चालत नाही.

कोकणी_मेवा
धाग्याची वाट लावू नका हो. शब्दांवर वेगळा धागा काढा, तिथे येतो भांडायला.

वडापाव_न्यूजर्सी
इथे अमेरिकेत मी शाळेत पॅरा म्हणून काम करते, म्हणजे अपंग मुलांबरोबर वर्गात बसायचं काम. इथल्या आयडीईए ह्या अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्याप्रमाणे मूल सोळा वर्षांचं होईपर्यंत शाळेला त्याच्या शाळेनंतरच्या आयुष्याची योजना लिहून काढावीच लागते: पुढचं शिक्षण, नोकरी, गरजेप्रमाणे स्वतंत्र राहणं. ज्या बैठकीत ही चर्चा होते तिला मुलाला बोलावणं बंधनकारक आहे. ते फक्त पंधरा मिनिटं बसून पिझ्झा मागत असलं तरी.

पण इथे सगळं छान आहे असं समजू नका. शाळेच्या सेवा पदवी मिळाली की, नाहीतर एकविशी-बाविशीत संपतात. त्यानंतर एकदम कडा, खाली काही नाही. प्रौढांच्या सेवांसाठी कित्येक ठिकाणी लांबलचक प्रतीक्षायादी असते. आणि कॉलेजात शाळेची ती योजना चालत नाही. मुलाने स्वतः जाऊन सांगावं लागतं, मला अमुक अडचण आहे, तमुक सोय हवी. आईने फोन केला तर नम्रपणे 'विद्यार्थ्याशीच बोलू' म्हणतात. इतकी वर्षं आई बोलत आलेली असते, मुलाला सांगताच येत नाही. पहिल्या वर्षी गळणारी कितीतरी मुलं मी ह्याच कारणाने गळताना पाहिलीत, अभ्यासाने नव्हे.

निशाचर
म्हणजे तिथेही आया फोन करतातच. बरं वाटलं.

खडू_फळा
विशेष शिक्षिका आहे, आता निवृत्त. वडापाव यांनी लिहिलेलं वाचून विचारते. अबोली, तुझी पोस्ट पुन्हा वाचून बघ. ह्यांचं मत आहे, तुझं आहे, सासूबाईंचंही आहे. चौथा माणूस कुठाय?

अबोली_मुलुंड
खडूताई, गालफडात बसली.

खरं सांगू? विचारलं होतं, दिवाळीत. तो म्हणाला, "स्कोअरर." आम्हाला वाटलं थट्टा करतोय. सोसायटीच्या मॅचचा स्कोअर तोच लिहितो, गेली पाच वर्षं. वह्या आहेत त्याच्याकडे. अक्षर वेडंवाकडं आहे, पण त्याचं त्याला कळतं, आता मोबाइलवरच करतो. मी म्हटलं, अरे पोटापाण्याचं विचारतेय. तो गप्प झाला. मीही विषय सोडला.

कोकणी_मेवा
अगं मग आधी का नाही सांगितलंस!

खडू_फळा
तोच तर मुद्दा. तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही.

सिलीपॉइंट
थांबा थांबा. आता माझ्या गल्लीत आलात. मी मैदानात स्कोअरिंग करतो, शनिवार-रविवार. तेव्हा ह्यावर अधिकारवाणीने बोलतो, बाकी धाग्यावरचं मला काही कळत नाही.

एक, पोटापाण्याचं म्हणाल तर क्लब क्रिकेटच्या स्कोअरिंगवर घर चालत नाही. चहा-नाश्ता आणि वर थोडं मानधन. वरच्या दर्जाच्या सामन्यांना बरे पैसे मिळतात, पण तिथवर जायला परीक्षा आहेत. मुंबई क्रिकेट असोसिएशन स्कोअररची परीक्षा घेते, त्यापुढे बीसीसीआयची. चौकशी करत राहावं लागतं.

दोन, हे काम बसून करायचं आहे. पण बसायला पोचायचं कसं हा प्रश्न. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल: तंबू, टेबल, दोन खुर्च्या. पायऱ्या नाहीत, माती आहे. कोरड्या दिवसांत व्हीलचेअर ढकलत नेता येईल. कांगा लीग ही मुंबईतली क्लबांची स्पर्धा मात्र १९४८ पासून मुद्दाम पावसाळ्यात खेळतात, तेव्हा चिखलात माझी चप्पल रुतते तिथे चाक काय जाणार?

तीन, बोलणं सावकाश असल्याचं इथे काही अडत नाही. क्रिकेटच्या नियमांत स्कोअरर दोन असतात आणि अंपायरने खूण केली की स्कोअररने ती मिळाल्याची पोच द्यायची, आम्ही हात वर करतो. तोंड उघडायची वेळ फक्त दोघांचे आकडे जुळले नाहीत तर येते, आणि तेव्हा आम्ही सगळेच तोतरे होतो.

पेन्शनर_दादर
छंद म्हणून ठीक. आयुष्य छंदावर निघत नाही.

सिलीपॉइंट
काका, मान्य. मी स्वतः एलआयसीत आहे. पण आकडे नीट मांडता येणं, आठ तास चित्त न ढळू देणं आणि चूक झाली की शोधून काढणं, ह्याला ऑफिसात अकाउंट्स म्हणतात.

पांढरी_काठी
+१. काकांचा मुद्दा गैर नाही, पण सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे. त्यातला १ टक्का सेरेब्रल पाल्सी धरून हाडा-स्नायूंच्या अपंगत्वांसाठी. बँकांच्या परीक्षा देता येतील. लेखनिकाचं मात्र आत्तापासून बघा.

तीन_तासांचा_पेपर
लेखनिक म्हटलं की माझ्या जखमेवर मीठ. मुलाला डिसग्राफिया, म्हणजे हाताने लिहिणं जमत नाही. बोर्डाच्या परीक्षेला लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो. नववीतली पोरं शोधत मी अर्धं घाटकोपर फिरले. त्यांच्या आया म्हणतात, आमच्याही परीक्षा आहेत. एक मिळाला, पेपरच्या आदल्या दिवशी त्याला कांजिण्या. मग वॉचमनच्या मुलीने ऐनवेळी सगळे पेपर लिहिले. तिला सायकल घेऊन दिली.

४० टक्क्यांच्या खालच्यांसाठी सांगते: २०२१ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने एका यूपीएससी उमेदवाराच्या प्रकरणात सांगितलं, की लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. लिहिण्यात खरी अडचण असेल तर लेखनिक द्यायला हवा. त्याला रायटर्स क्रॅम्प होता, म्हणजे लिहिताना हात आखडायचा. निकालाची प्रत छापून फाइलमध्ये ठेवा. मी ठेवते, दोनदा उपयोगी पडली.

खडू_फळा
आणि जादा वेळ तासाला किमान वीस मिनिटं. तीन तासांच्या पेपरला एक तास. सावकाश बोलणाऱ्या मुलाने लेखनिकाला सांगायचं म्हणजे तो तास तसाच जातो. आत्तापासून घरी सराव करा. 'वित्तीय विवरणपत्र' तीनदा सांगून पोरगं दमतं. लेखनिकाबरोबर काही खुणा ठरवून घ्या, उदाहरणार्थ, टेबलावर एक टिचकी म्हणजे नवा परिच्छेद. केंद्रप्रमुखांना आधी कळवा, नाहीतर कॉपी समजतील.

सायलेंट_मोड
भाऊ कर्णबधिर आहे. बाकीच्यांची अडचण पायऱ्यांची, त्याची दुभाष्याची. रॅम्प एकदा बांधला की झाला, दुभाषी रोज लागतो. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्थेत सांकेतिक भाषेचे दुभाषी तयार होतात, पण कॉलेजांच्या मानाने ते मूठभर. भावाने पहिलं वर्ष मित्रांच्या वह्या उतरवून काढलं. मित्राचं अक्षर डॉक्टरसारखं. नापास दोघेही झाले.

निशाचर
हे वाचून हसावं की रडावं.

सायलेंट_मोड
भाऊ स्वतः हसून सांगतो. मला नाही येत हसू.

माहीमची_माई
सगळे प्रांजल पाटीलचं उदाहरण कसं नाही देत अजून? आमच्या व्हॉट्सअॅपवर रोज असतं.

पांढरी_काठी
माई, बरं झालं नाही दिलं. तिच्याबद्दल आदर आहेच. उल्हासनगरची मुलगी, सहाव्या वर्षी दृष्टी गेली, झेवियर्समध्ये शिकली, यूपीएससीत ७७३ वा क्रमांक आल्यावर रेल्वेने अंध म्हणून नेमणूक नाकारली, तर पुढच्या वर्षी १२४ वा काढला. पण आमच्या घरी प्रत्येक नातेवाईक मला तिचं कात्रण देऊन जायचा. मी साधा क्लार्क आहे आणि मला तेच व्हायचं होतं. धडधाकट मुलाला कोणी 'कलेक्टर नाही झालास तर घरी बस' म्हणतं का?

शिवाय तिच्या गोष्टीतलं कॉलेज विसरू नका. झेवियर्समध्ये अंध विद्यार्थ्यांसाठी २००३ पासून केंद्र आहे, पुस्तकं वाचता येतील अशा रूपात करून मिळतात. जिद्द पाहिजेच हो, पण स्कॅनरही पाहिजे.

रेवा
एक महत्त्वाचं राहिलं. अठराव्या वाढदिवसानंतर सही कोणाची? माझ्या लेकीसाठी आम्ही १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्व घेतलं, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून. लेकरू मोठं झालं तरी आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे मला बँकेच्या काउंटरवर कळलं.

अबोली_मुलुंड
रेवाताई, आमच्या बँकेनेही परवा तेच विचारलं. म्हणाले, सेरेब्रल पाल्सी आहे ना, मग पालकत्वाचा आदेश आणा.

चकलीभाजणी
अजिबात आणू नका! सेरेब्रल पाल्सी त्या कायद्यात येते, म्हणून सगळ्यांना पालक लागतोच असं नाही. तुमच्या मुलाला व्यवहार कळतो. अठरा झाली की तो खातं स्वतः उघडेल, स्वतः चालवेल. सही दर वेळी वेगळी येत असेल तर अंगठा चालतो. शाखेत लेखी नकार मागा. लेखी म्हटलं की आवाज बदलतो.

आणि तुमच्या यजमानांना प्राप्तिकराचं ८०डीडी कलम माहीत आहे का विचारा. जुन्या करपद्धतीत असतील तर ७५ हजारांची वजावट, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख.

अबोली_मुलुंड
माहीत नव्हतं. ह्यांनी धागा वाचायला घेतला आहे, पहिल्यांदाच. ८०डीडीपासून उलट वर वाचताहेत.

निशाचर
हिशेबी लोक असेच वाचतात.

अबोली_मुलुंड
(तीन आठवड्यांनी) धागा वर काढतेय. सगळ्यांचे आभार, आणि हा अहवाल.

ठरवलं, की आधी कॉलेजं बघायची, निकालाची वाट न बघता. टेप घेऊन गेलो. व्हीलचेअर पंचवीस इंच रुंद. पहिल्या कॉलेजात रॅम्प चकचकीत, वर गेलं की दारात एक पायरी. शिपाई म्हणाला, "एकच तर आहे!" दुसऱ्या कॉलेजात लिफ्ट आहे, किल्ली एका गृहस्थांकडे, गृहस्थ रजेवर. स्वच्छतागृहाचं दार बावीस इंच. तिसऱ्या ठिकाणी दिव्यांगांचं स्वच्छतागृह आहे, पाटीसकट. आत झाडू, बादल्या आणि गॅदरिंगचा एक थर्माकोलचा हत्ती. उपप्राचार्या बाई स्वतः आल्या, हत्ती बाहेर काढायला लावला. दार बत्तीस इंच. लिफ्ट सगळ्यांना खुली.

ऑफिसातल्या क्लार्कने मला विचारलं, "ह्याचं नाव काय?" मी तोंड उघडलं आणि वडापाव यांची पोस्ट आठवून मिटलं. मग मुलानेच नाव, विषय, लेखनिक लागेल, वर्ग तळमजल्यावर किंवा लिफ्टजवळ हवा, एवढं सगळं सांगितलं. दोन मिनिटं तरी लागली. मागे रांग होती. क्लार्क थांबला. रांगेतला एक जण "चला हो" म्हणाला, त्याच्याकडे क्लार्कने असं बघितलं की पुन्हा आवाज नाही.

तर सध्याचा तह असा: तिसरं कॉलेज, मार्क पुरले तर. पहिलं सत्र जाऊन बघायचं, नाही झेपलं तर मुक्त विद्यापीठ आहेच. हे सकाळी सोडणार. परतीचं अजून सुटलेलं नाही. कॉलेजच्या रस्त्यावर बेस्टच्या छोट्या एसी बसच धावतात, त्यांना दारातच पायऱ्या. रिक्षात खुर्ची घडी करून घातली तर माणूस बसत नाही, माणूस बसवला तर खुर्ची राहत नाही. आठवड्याचा रिक्षाखर्च मांडला तो आकडा इथे लिहीत नाही, सासूबाई वाचतात.

पेन्शनर_दादर
माझं मत कायम आहे. पण माझा भाचा मुलुंडला टेम्पो चालवतो, मागे मोकळी जागा असते. दुपारी रिकामाच असतो. निरोप पाठवतो.

रेवा
आणि परीक्षेनंतरचा तो सोमवार?

अबोली_मुलुंड
ते सिलीपॉइंट सांगतील.

सिलीपॉइंट
सोमवार नाही, रविवार. आमच्या दोन क्लबांची मैत्रीपूर्ण मॅच आहे, ओव्हलला. दुसरा स्कोअरर म्हणून बसेल. मोबाइल चालेल, पण कागदही लागेल, चार्जिंग संपतं. साडेआठला टॉस.

अबोली_मुलुंड
येतो. तिथे स्वच्छतागृहाचं दार किती इंच?

सिलीपॉइंट
मैदानात? ताई, त्यासाठी वेगळा धागा काढा.